जर–तर आणि सैतानाचा तराजू

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत रविवारी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तर्कक्षमतेचा भाग शिकवतो. मध्यंतरी फळ्यावर एक विधान लिहिलं, ‘पाऊस पडला, तर मैदान ओलं होतं.’ मग विचारलं, ‘मैदान ओलं आहे. यावरून काय ठरतं?’ बहुतेकांनी लिहिलं, ‘पाऊस पडला.’ खरं उत्तर असं की, नक्की काहीच ठरत नाही. टँकर फुटला असेल, कुणी पाणी मारलं असेल. एक मुलगी वैतागून म्हणाली, ‘सर, इंग्रजी माध्यमवाल्यांना हे जमतं, त्यांनाच पोस्ट मिळते. आपण त्यातले नाही, आपल्याला कुठून मिळणार?’

तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

या प्रश्नांचं मूळ इंग्रजीत नाही. जर–तरच्या विधानांचे नियम प्राचीन ग्रीसमधल्या स्टोइक विचारवंतांनी मांडले होते. ॲरिस्टॉटलचा भर मात्र ‘सर्व माणसं मर्त्य आहेत’ अशा सरळ विधानांवर होता. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीनाने (980–1037) अनुमानाचे दोन मोठे वर्ग केले आणि जर–तरच्या विधानांचा फार बारकाईने विचार केला. अरबीत तर्कशास्त्राला मन्तिक म्हणतात आणि अशा विधानाला शर्तिया. आपण मराठीत रोज वापरतो ती ‘शर्त’ हीच.

नियम चारच ओळींचे आहेत. ‘हा माणूस असेल, तर तो सजीव आहे’ हे मन्तिकच्या पुस्तकांतल्या जुन्या उदाहरणासारखंच विधान घ्या. माणूस आहे, म्हणून सजीव आहे : बरोबर. सजीव नाही, म्हणून माणूस नाही : हेही बरोबर. सजीव आहे, म्हणून माणूस आहे : चूक, घोडाही सजीवच असतो. माणूस नाही, म्हणून सजीव नाही : हेही चूक, त्याच घोड्यामुळे. परीक्षेतला जर–तरचा प्रश्न कितीही फिरवून विचारलेला असो, तो या चार ओळींवरच येऊन थांबतो.

इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी ‘अल-किस्तास अल-मुस्तकीम’ या छोट्या पुस्तकात अनुमानाच्या पद्धतींना तराजू म्हटलं आणि ते तराजू थेट कुरआनातून दाखवले. जर–तरसाठी त्यांनी सूरह अंबियातली 22वी आयत घेतली. तिच्यातली मांडणी अशी : आसमान-जमिनीत अल्लाहखेरीज आणखी ईश्वर असते, तर सगळी व्यवस्था बिघडली असती. ती बिघडलेली नाही, म्हणून आणखी ईश्वर नाहीत. ही आपली दुसरी ओळ. पुढे गझाली बजावतात की उरलेल्या दोन ओळींतून काहीच निष्पन्न होत नाही. त्यांना ते सैतानाचे तराजू म्हणतात.

हिंदुस्थानात हे शास्त्र मदरशांत भरभरून शिकवलं गेलं. मुहिब्बुल्लाह बिहारी (मृत्यू 1707) यांचं ‘सुल्लम अल-उलूम’ हे मन्तिकचं पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चाललं. लखनौच्या फरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांच्या नावाने ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम रूढ झाला. त्यात मन्तिकची पुस्तकं तफसीरच्या पुस्तकांपेक्षा जास्त होती. त्यावर पुढे टीकाही झाली. पण हे शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी कित्येक जण काजी, मुफ्ती, दरबारातले अधिकारी होत. म्हणजे नोकरीआधी तर्काची तालीम, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

आज केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत 2011 पासून तर्कक्षमतेचा समावेश असलेली दुसरी प्रश्नपत्रिका आहे. 2015 पासून तिच्यात 33 टक्के गुण मिळाले की पुरे. ते न मिळाले तर मात्र पहिल्या प्रश्नपत्रिकेतले गुण कामाला येत नाहीत. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात भारतीय प्रशासकीय सेवेत मुस्लिमांचं प्रमाण 3 टक्के होतं. त्याची कारणं अनेक आहेत. त्यातलं आपल्या हातात असलेलं थोडंफार आपण या फळ्यावर दुरुस्त करू शकतो.

पण मला परीक्षेपलीकडचंही दिसतं. ‘त्या संघटनेचा असेल, तर तो मुसलमान असेल’ यावरून ‘मुसलमान आहे, म्हणून त्या संघटनेचा असेल’ इथवर माणसं सहज पोचतात आणि भाड्याची खोली नाकारली जाते. ही तिसरी ओळ. त्यांनी केली की आपल्याला अन्याय दिसतो, आणि तो असतोच. मग आपलं काय? ‘सच्चा दीनदार माणूस नमाज चुकवत नाही. हे भाई नमाज चुकवत नाहीत, म्हणून व्यवहारातही सच्चे.’ एवढ्यावर विसंबून आमच्याच मोहल्ल्यातल्या काही घरांनी लेकींच्या लग्नासाठी साठवलेले पैसे एका ‘हलाल’ गुंतवणुकीत घातले आणि घालवले. तोही तिसऱ्या ओळीचाच तराजू होता.

आणि चौथी ओळ? ती त्या मुलीने स्वतःच उच्चारली होती. इंग्रजी माध्यमात शिकलं, तर पोस्ट मिळते. आम्ही शिकलो नाही, म्हणून मिळणार नाही. बेटा, पहिलं विधान खरं धरलं तरी दुसरं त्यातून निघत नाही. तुझ्या निराशेत जेवढा दम आहे असं तुला वाटतं, तेवढा तर्कात तरी नाही.

पुढच्या रविवारी फळ्यावर पावसाऐवजी तिचंच वाक्य लिहिणार आहे. चार ओळींतली ही कितवी, ते मुलांनीच ओळखावं.