प्रत्येक रकान्याला एक जन्मसाल असतं



ऑक्टोबर जवळ आला की एस-१ च्या मार्गावरच्या आमच्या कंपूत (म्हणजे फेल्डमोखिंगपासून फ्रायझिंगपर्यंत विखुरलेली आठ मराठी घरं, त्यातली तीन इथे उंटरश्लाइसहाइममध्ये) एकच प्रश्न फिरायला लागतो: यंदा फँटसी बास्केटबॉलच्या ड्राफ्टमध्ये कोणाला घ्यायचं? मग एक्सेलच्या फायली निघतात आणि एकेका खेळाडूची पत्रिका मांडली जाते. यावेळी मी यादी देणार नाही, थोडा इतिहास सांगणार आहे. यादी एका मोसमापुरती चालते, इतिहास जरा जास्त टिकतो. :)

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. फँटसीत आपण एनबीएमधले खरे खेळाडू निवडून कागदावर संघ बांधतो. ते प्रत्यक्ष सामन्यात जे करतील ते आपल्या खात्यावर जमा होतं. बहुतेक ठिकाणी नऊ रकाने असतात: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांचे बास्केट, फील्ड गोलची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर (हा मात्र जितका कमी तितका बरा).

या खेळाचा जन्म बास्केटबॉलमध्ये झाला नाही. १९६२ साली ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी काही मित्रांबरोबर पहिले नियम लिहिले. नंतर १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने बेसबॉलसाठी तोच घाट घातला. ही मंडळी न्यूयॉर्कमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' नावाच्या उपाहारगृहात जमत, म्हणून नाव पडलं रोटिसरी लीग, आणि आपण आज म्हणतो ते 'रोटो'. (रोटीशी काही संबंध नाही, ह. घ्या.) त्या काळी आकडे मिळायचे वर्तमानपत्रातल्या धावफलकातून. त्यामुळे खेळाची मूळ अट आपोआप ठरली: जे कोणीतरी लिहून ठेवलंय तेवढंच विकत घेता येतं. माझं सगळं म्हणणं या एका अटीभोवती आहे.

आता आपल्या नऊ रकान्यांकडे बघा. एनबीएचा आरंभ १९४६ चा. रिबाउंड मोजायला लागले १९५०-५१ पासून. स्टील आणि ब्लॉक १९७३-७४ पासून. खेळाडूगणिक टर्नओव्हर १९७७-७८ पासून. तीन गुणांची रेषाच मुळी आली १९७९-८० मध्ये. म्हणजे नऊपैकी चार रकाने १९७३ पूर्वी अस्तित्वातच नव्हते. बॉस्टनचा बिल रसेल १३ मोसम खेळला, त्यात ११ वेळा त्याचा संघ विजेता ठरला, १९६९ मध्ये तो निवृत्त झाला. बचावाचा सगळा विचार ज्याने बदलला त्या माणसाच्या अधिकृत नोंदीत ब्लॉकचा रकाना रिकामा आहे. त्याने चेंडू अडवले नाहीत असं थोडंच आहे? अडवले, पण कोणी मोजले नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर एकनाथ सोलकर. २७ कसोटी सामने, फलंदाजीची सरासरी २५.४२, बळी १८ आणि तेही ५९.४४ च्या सरासरीने. नुसत्या या आकड्यांवर सोलकरला आपल्या कागदी संघात कोणी घेतला नसता. पण शॉर्ट लेगला उभं राहून २७ कसोटींत ५३ झेल! १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ मध्ये आटोपला, तेव्हा सोलकर बॅटपासून हाताच्या अंतरावर उभा होता. झेल निदान मोजले तरी जातात. तो तिथे उभा आहे म्हणून फलंदाजाने न मारलेला फटका कोणत्या रकान्यात लिहायचा?

या इतिहासातून ड्राफ्टसाठी तीन गोष्टी निघतात.

पहिली, दुर्मीळता. १९७९-८० मध्ये एक संघ सामन्यात सरासरी तीन वेळासुद्धा लांबून प्रयत्न करत नव्हता. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३७ च्या पुढे गेला. ज्या काळात थोडेच जण लांबून मारायचे तेव्हा असा खेळाडू म्हणजे सोनं. आता तो भाजीबाजारातल्या कोथिंबिरीसारखा, जुडीबरोबर मिळतो. उलट ब्लॉक देणारे अजूनही मोजकेच. तेव्हा 'हा किती गुण काढतो' एवढंच विचारू नका. 'हा गेला तर याच्यासारखा दुसरा मला फुकटात मिळेल का' हे विचारा.

दुसरी, टक्केवारीचा फसवेपणा. समजा लीगची फ्री थ्रोची सरासरी ७८ टक्के आहे. एक खेळाडू रोज एकच फ्री थ्रो मारतो आणि तो घालतो, म्हणजे शंभर टक्के. दुसरा रोज १० मारतो आणि ९ घालतो. कागदावर पहिला वरचढ. पण पहिला तुम्हाला सरासरीपेक्षा ०.२२ जास्त देतो, दुसरा १.२. टक्केवारीला प्रयत्नांनी गुणल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. याची उलट बाजू म्हणजे शकील ओनील: कारकिर्दीत फ्री थ्रो ५२.७ टक्के आणि प्रयत्न भरमसाट. असा खेळाडू घ्यायचा तर तो रकाना सरळ पाण्यात सोडायचा आणि उरलेल्या आठांवर जोर द्यायचा. अर्धवट सोडणं मात्र सगळ्यात महाग पडतं. आठांतले दोन रकाने जेमतेम हरणाऱ्याला त्यागाचं पुण्य नाही आणि फळही नाही.

तिसरी, जागेबाहेरचे आकडे. उंच माणूस रिबाउंड देणारच, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. उंच माणूस जेव्हा बुटक्यांचे आकडे देतो तेव्हा मोजा. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या बव्हेरियातलंच आहे. डिर्क नोविट्स्की वुर्झबुर्गचा. १९९८ मध्ये तो जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता, म्हणजे अमेरिकेतल्या लोकांना तुलना करायला धड आकडेच नव्हते. त्याचे गुरू होल्गर गेश्विंडनर हे म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेले, आणि गणित-भौतिकशास्त्र शिकलेले. चेंडू कोणत्या कोनातून सोडला तर चूक पचते याचा त्यांनी हिशेब मांडला आणि २.१३ मीटर उंचीच्या पोराला लांबून मारायला शिकवलं. ड्राफ्टमध्ये तो नववा निवडला गेला आणि त्याच रात्री अदलाबदलीत डॅलसला गेला. २००६-०७ मध्ये त्याने फील्ड गोल ५० टक्के, तीन गुणांचे ४० टक्के आणि फ्री थ्रो ९० टक्के या तिन्ही पायऱ्या ओलांडल्या आणि तो मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९८ मध्ये हे कुठल्याही तक्त्यात दिसत नव्हतं. कोणीतरी जाऊन बघायला लागलं.

आता आपल्या माणसाची गोष्ट. विवेक रणदिवे: मुंबईत जन्म, जुहूत बालपण, मग एमआयटी, पुढे 'टिब्को'ची स्थापना. वॉल स्ट्रीटचे आकडे क्षणात सगळीकडे पोचवण्याच्या तंत्रावर नाव कमावलेला माणूस. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतला. भारतात जन्मलेला माणूस एनबीए संघाचा प्रमुख मालक होण्याची ही पहिलीच वेळ. २०१४ च्या ड्राफ्टआधी किंग्जने बाहेरच्या आकडेतज्ज्ञांना जाहीर आवाहन केलं: तुमचं विश्लेषण पाठवा, आम्ही वाचतो. आपल्यासारख्या एक्सेलवाल्यांचं स्वप्नच की! आठव्या क्रमांकावर त्यांनी निक स्टाउस्कसला घेतलं, आणि वर्षभरात तो फिलाडेल्फियाला गेलाही. त्याच ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर, टीव्हीवर जाहिरात चालू असताना, डेन्व्हरने निकोला योकिच हे नाव उचललं. सेंटर असून असिस्ट वाटणारा हा सर्बियन पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. यात किंग्जला हसण्यासारखं काही नाही, कारण ४० वेळा निवड होऊनही तो कोणाला दिसला नव्हता, आणि खुद्द डेन्व्हरनेही आधी दुसऱ्यांना घेतलं होतं. पण धडा आहेच: सगळे जण एकाच तक्त्याकडे बघत असतील, तर डोकी वाढवून नजर वाढत नाही. (२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हाच किंग्ज संघ वरळीच्या डोममध्ये खेळला, एनबीएचे भारतातले पहिले सामने. दोन्ही हरला, पहिला तर १३२-१३१ असा जादा वेळेत. तरी मुंबईकर खूश होते!)

असो. हे सगळं लिहायचं एक कारण बास्केटबॉलबाहेरचं आहे. आपण इथे आलो तेच मुळी कोणाच्या तरी तक्त्यातून. २००० सालच्या जर्मन ग्रीन कार्डाला पदवी किंवा एक लाख मार्क पगार लागायचा. ते २००४ अखेर बंद झालं. १ जून २०२४ पासून 'चान्सनकार्टे' आहे, त्याला किमान सहा गुण लागतात: वय पस्तिशीच्या आत असेल तर दोन, जर्मन बी-टू असेल तर तीन, वगैरे. अक्षरशः ड्राफ्ट! आणि वर्षातून एकदा ऑफिसात जे होतं ते सांगायलाच नको. हे तक्ते वाईट नाहीत. लाखो अर्जांतून माणसं निवडायची तर काहीतरी मोजावंच लागेल. पण आमच्याकडचे एक काका गेली कित्येक वर्षं प्रत्येक नव्या कुटुंबाबरोबर राटहाउसला नोंदणीसाठी जातात, पहिल्या थंडीत जुनी जॅकेटं गोळा करून देतात, आणि रात्री दोनला कोणाला भारतातून वाईट बातमी आली तर पहाटेच्या विमानासाठी गाडी काढतात. ऑफिसातल्या तक्त्यात यंदाही ते 'सर्वसाधारण' श्रेणीत होते, आणि दोन-तीन महिन्यांपासून ते पुण्याला परत जायच्या गोष्टी करताहेत. त्यांच्या कामाला रकाना नाही हे खरं, पण ते गेल्यावर आपल्या आठ घरांची जी अवस्था होईल ती सगळ्यांना मोजता येईल.

तेव्हा या ड्राफ्टला त्यांना नुसता फोन करून 'येताय ना' विचारू नका. दोघा-तिघांनी घरी जा, बसा, आणि का जायचंय ते विचारा. मी रविवारी जातोय.

खेळापुरतं सांगायचं तर: दुर्मीळ रकाने आधी, टक्केवारी प्रयत्नांसकट, एक रकाना सोडायचा तर पूर्ण सोडा. आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तक्ता बंद करून, ज्याला स्वतः खेळताना पाहिलंय असा एक तरी खेळाडू घ्या.

भेटूच ड्राफ्टला. सात म्हणजे जर्मन सात, मराठी सात नव्हे. :)

आपला,
उंटरश्लाइसहाइमकर

ता. क. : वडापाव कोण आणणार हे अजून ठरलेलं नाही. गेल्या वर्षी तळाला राहिलेल्याने आणायचा असा नियम आहे, आणि तो कोण हे तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे!