मूकपटाचे टिकणे : 'मार्तंड वर्मा'च्या निमित्ताने

भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. परंतु जे टिकले ते कशामुळे टिकले, हा प्रश्न आपल्या चित्रपटेतिहासात क्वचितच विचारला जातो. पी. व्ही. राव दिग्दर्शित व आर. सुंदर राज निर्मित 'मार्तंड वर्मा' (१९३३) या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या १८९१ मधील मल्याळम कादंबरीवर आधारित या मूकपटात जयदेव यांनी त्रावणकोरच्या युवराजाची, तर पद्मिनी यांनी सुभद्रेची भूमिका केली. तथापि कादंबरीचे हक्क कमलालय बुक डेपो या प्रकाशन संस्थेकडे होते आणि निर्मात्याने ते घेतलेले नव्हते. तिरुवनंतपुरम येथे खेळ सुरू होताच प्रकरण न्यायालयात गेले. प्रदर्शन थांबले व प्रत प्रकाशकाकडे गेली. निर्मात्याची हानी उघडच आहे; मात्र गावोगावच्या यंत्रांवर झिजण्यापासून ती रिळे वाचली. १९७४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ती मिळविली. जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळी मूकपटाला असा वादी लाभला नाही. त्याची प्रत उपलब्ध नाही. त्यामुळे त्यातील दलित अभिनेत्री पी. के. रोझी यांचा अभिनय पाहण्याचे साधन अभ्यासकाच्या हाती उरलेले नाही.