मुक्त खेळाडू-पद्धती, आइस हॉकीतील

मुक्त खेळाडू-पद्धती, आइस हॉकीतील : संघाशी झालेला करार संपल्यावर व्यावसायिक खेळाडूस आपल्या पसंतीच्या दुसऱ्या संघाशी करार करण्याची मुभा देणारी व्यवस्था. कॅनडा व अमेरिकेतील संघांच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (स्थापना १९१७) ती न्यायालयीन निर्णय, प्रतिस्पर्धी लीगचे आव्हान आणि खेळाडू व संघमालक यांच्यातील सामूहिक करार यांतून टप्प्याटप्प्याने विकसित झाली. खेळाडूच्या स्वातंत्र्याची किंमत कोणी मोजावयाची, हा तिच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

राखीव कलम : १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये फक्त सहा संघ होते. करारातील राखीव कलमामुळे कराराची मुदत संपली, तरी खेळाडूवरील हक्क मूळ संघाकडेच राही. संघ त्यास विकू वा बदली देऊ शके; खेळाडूपुढे मात्र मिळेल ते वेतन स्वीकारणे किंवा लीग सोडणे, एवढेच पर्याय उरत. ‘सी फॉर्म’ या करारपत्राने किशोरवयीन मुलेही एका संघाशी बांधली जात. पुढे विख्यात झालेला बॉबी ऑर १९६२ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षीच बॉस्टन ब्रुइन्स संघाशी करारबद्ध झाला होता. १९६३ पासून नवोदित खेळाडूंची संघांमध्ये वाटणी करणारी निवडफेरी सुरू झाली. पण तिच्यातही निवडीचा अधिकार संघाकडेच होता. १९५७ मध्ये टेड लिंडसे याच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना स्थापन झाली. तथापि त्याच वर्षी डेट्रॉइट संघाने त्याला शिकागोकडे धाडले आणि १९५८ मध्ये संघटना मोडली. १९६७ मध्ये स्थापन झालेली संघटना मात्र टिकली. तिचा पहिला कार्यकारी संचालक ॲलन ईगलसन याने पुढे १९९८ मध्ये अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांतील न्यायालयांत फसवणुकीचे गुन्हे कबूल केले.

प्रतिस्पर्धी लीग : १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन या नव्या लीगचे सामने सुरू झाले. शिकागो ब्लॅक हॉक्सचा बॉबी हल हा विनिपेग जेट्स संघाकडे गेला. त्याला करारापोटी देण्यात आलेल्या १० लाख डॉलरच्या रकमेचा भार नव्या लीगच्या सर्व संघांनी मिळून उचलला. नोव्हेंबर १९७२ मध्ये फिलाडेल्फिया येथील संघीय न्यायाधीश ए. लिऑन हिगिनबॉथम यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारे राखीव कलमाच्या अंमलबजावणीस मनाई केली. नवी लीग १९७९ मध्ये बंद पडली व तिचे चार संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये सामील झाले. त्यामुळे खेळाडूंना मिळालेले स्पर्धेचे पाठबळही संपुष्टात आले.

भरपाईचा नियम : राखीव कलम गेले, पण त्याच्या जागी समतोल भरपाईचा नियम आला. मुक्त खेळाडूस घेणाऱ्या संघाने मूळ संघास तोलामोलाचा मोबदला द्यावा. एकमत न झाल्यास लवादाने निर्णय करावा, असे ठरले. या नियमाचे स्वरूप १९७८ मध्ये उघड झाले. डेट्रॉइट रेड विंग्ज संघाने लॉस अँजेल्स किंग्ज संघाचा गोलरक्षक रॉजी व्हॅशाँ यास घेतले, तेव्हा लवादाने भरपाई म्हणून डेट्रॉइटचा तरुण खेळाडू डेल मकोर्ट याला लॉस अँजेल्सच्या हवाली केले. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत अशा रीतीने दुसऱ्याकडून, त्याच्या संमतीवाचून, वसूल झाली. मकोर्टने न्यायालयात धाव घेतली; परंतु हा नियम सामूहिक वाटाघाटींतून आलेला असल्याने तो मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने १९७९ मध्ये दिला. अखेर दोन्ही संघांतील नव्या सौद्यामुळे मकोर्ट डेट्रॉइटमध्येच राहिला. १९९१ मध्ये सेंट लुइस ब्लूज संघाने न्यू जर्सी डेव्हिल्सच्या ब्रेंडन शॅनहनला घेतले, तेव्हाही लवादाने भरपाईपोटी स्कॉट स्टीव्हन्सला न्यू जर्सीकडे पाठविले. आदल्याच वर्षी त्याला मिळविण्यासाठी सेंट लुइसने पहिल्या फेरीतील निवडीचे पाच हक्क गमावले होते.

टाळेबंदी व वेतनमर्यादा : १९९४-९५ मध्ये मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीमुळे हंगाम ४८ सामन्यांचा झाला. त्यानंतरच्या कराराने ठराविक वयानंतर भरपाईविना मुक्ती मान्य केली. ही वयोमर्यादा प्रथम ३२ व नंतर ३१ वर्षे होती. खेळाडूच्या उमेदीची बहुतेक वर्षे तोवर सरलेली असत. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत रद्द झाला. २००५ च्या करारात चालू करारांतील वेतन २४ टक्क्यांनी घटविण्यात आले आणि प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ३·९ कोटी डॉलरची मर्यादा आली. त्याच्या बदल्यात मुक्तीचे वय क्रमाक्रमाने २७ वर्षांपर्यंत उतरले.

प्रचलित पद्धती : वयाची २७ वर्षे किंवा लीगमधील सात हंगाम पूर्ण केलेला खेळाडू करार संपताच पूर्णतः मुक्त होतो, नव्या करारांचा काळ सामान्यतः १ जुलैपासून सुरू होतो. त्याहून तरुण खेळाडू मर्यादित अर्थानेच मुक्त असतो. मूळ संघाने नियमानुसार नव्या कराराचा प्रस्ताव दिल्यास त्याचा त्या खेळाडूवरील हक्क कायम राहतो. अन्य संघाने देकार दिल्यास मूळ संघाने सात दिवसांत तेवढेच वेतन देऊन खेळाडूस राखावे किंवा भावी निवडफेरीतील हक्क भरपाई म्हणून घेऊन त्याला सोडावे, असा नियम आहे. असे देकार क्वचितच दिले जातात. २०२४ मध्ये सेंट लुइसने एडमंटन ऑइलर्सच्या फिलिप ब्रोबर्ग व डिलन हॉलोवे या दोघांना असे देकार देऊन मिळविले. भरपाई आता निवडीच्या हक्कांच्या रूपाने, ठरलेल्या प्रमाणात दिली जाते; मकोर्टप्रमाणे त्रयस्थ खेळाडूस हलविण्याचा अधिकार लवादास उरलेला नाही.

वेतनमर्यादा २०२५-२६ च्या हंगामासाठी ९·५५ कोटी डॉलर होती. खेळाडू आपला संघ निवडू शकतो. परंतु सर्व खेळाडूंचा एकत्रित वाटा २०१३ पासून लीगच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर बांधलेला आहे. एकाच्या वेतनातील मोठी वाढ त्यामुळे बव्हंशी त्याच्या सहकाऱ्यांच्या वाट्यातून येते.