सरकीतले काळे ठिपके

जालन्याच्या बाजारात चर्चा रुईच्या भावाची. सरकीचा विषय मागाहून निघतो. खरं तर जिनिंगमध्ये एक किलो रुई निघते, तेव्हा दीड किलोहून जास्त सरकी उरते. सरकी चिरून पाहा. पांढुरक्या गरात मिरीच्या चुऱ्यासारखे काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथींत गॉसिपॉल असतं.

हे फिनॉल गटातलं पिवळं अल्डिहाइड. किडींनी खाऊ नये म्हणून कपाशी ते स्वतःच तयार करते. पोलिश रसायनतज्ज्ञ मार्क्लेव्स्की यांनी १८९९ मध्ये ते वेगळं केलं आणि कपाशीच्या शास्त्रीय नावावरून त्याला नाव दिलं. रचना उलगडली १९३८ मध्ये, अमेरिकेतल्या रॉजर अ‍ॅडम्स यांनी.

त्याचा खरा प्रताप कळला तो चीनमध्ये. काही खेड्यांत घाण्याचं कच्चं सरकीतेल खाणाऱ्या जोडप्यांना मुलं होईनात. दोष पुरुषांच्या शुक्राणूंत निघाला. मग १९७० च्या दशकात याच गॉसिपॉलच्या गोळ्या पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हजारोंना दिल्या गेल्या. गुण आला, पण अनेकांच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं आणि काहींची प्रजननशक्ती परतलीच नाही. तो प्रयोग सोडून द्यावा लागला, हे योग्यच झालं. आपल्या रिफाइंड सरकीतेलाची मात्र धास्ती नको. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेत गॉसिपॉल निघून जातं.

ग्रंथीच नसलेली कपाशीही अमेरिकेत तयार झाली होती. किडींनी तिचा फडशा पाडला. टेक्सासमधले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये तोडगा दाखवला : फक्त बियांतलं गॉसिपॉल घटवायचं, पानांतलं ठेवायचं. अशा कपाशीची सरकी माणसांनी खाण्यास अमेरिकेनं २०१९ मध्ये हिरवा कंदील दिला.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली ती याच जालन्यात. २००२ मध्ये परवानगी मिळालेलं बीटी कापसाचं बियाणंही महिकोच्याच भागीदारीतलं. बीटीमुळे बोंडअळीशी लढता आलं, सरकीतलं गॉसिपॉल होतं तिथेच राहिलं. बियाण्याच्या या गावानं आता गॉसिपॉल घटवून सरकीतल्या प्रथिनांकडेही वळावं.

तोवर शेतकरी मित्रांनो, एवढं सांभाळा : रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा गॉसिपॉलचं विष बऱ्याच अंशी निष्प्रभ करतो, म्हणून गाई-म्हशींना सरकीची ढेप मापात चालते. लहान वासरं-रेडकांचा तो कप्पा तयार झालेला नसतो, कोंबड्यांना तर तो नसतोच. त्यांच्यापुढे ही ढेप टाकू नका.