९ जून : संगीतकार वसंत देसाई

सावंतवाडी संस्थानातल्या सोनवडे गावी ९ जून १९१२ रोजी वसंत देसाई यांचा जन्म झाला. फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे गाठायचे ते कोल्हापूर तेव्हा सिनेमाचे गाव होते. तिथल्या 'प्रभात' फिल्म कंपनीत देसाई शिरले ते नट म्हणून. 'खुनी खंजीर' या मूकपटात त्यांनी कामही केले. पुढे व्ही. शांताराम यांच्या 'राजकमल'मध्ये संगीतकार म्हणून 'शकुंतला', 'अमर भूपाळी', 'दो आँखें बारह हाथ' असा सिलसिला जमला. 'झनक झनक पायल बाजे'चे शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून गाऊन घेणे आणि 'गूँज उठी शहनाई'साठी बिस्मिल्ला खाँ यांना स्टुडिओत आणणे, ही हिंमत त्यांचीच! रागदारी सिनेमात चालत नाही म्हणणाऱ्यांना 'गुड्डी'तल्या वाणी जयराम यांच्या मल्हाराने परस्पर उत्तर दिले. त्याच चित्रपटातली प्रार्थना शाळाशाळांत पोचली. चाल कोणाची, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

रंगभूमीवर 'पंडितराज जगन्नाथ'ची पदे गाजली. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात होऊन त्यांचे निधन झाले.