भिंतीला नेमके किती हात?

दिवाळी जवळ आली की मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये एक वाद ठरलेला. पेंटर म्हणतो, 'तीन हात लागतील.' घरमालक म्हणतो, 'दोनात भागव ना.' मी सॉफ्टवेअरवाला, मला वेगळाच किडा चावला: हा आकडा मुळात आला कुठून?

सुरुवात चुन्यापासून. 1896 मध्ये मुंबईत, मांडवी भागात, प्लेग सापडला. मग घरं धुणं, जंतुनाशक मारणं, भिंतींना चुना लावणं हे सरकारी मोहिमेचं काम झालं. रंग हौसेचा नव्हता, जिवाचा प्रश्न होता. आता चुन्याचा स्वभाव बघा. ओला असताना खालची भिंत दिसते. वाळला की पांढरा उठतो. जाड थापला तर पोपडे धरतो. म्हणून हात पातळ, पण जास्त. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत हेच उतरलंय: नव्या भिंतीला 'तीन किंवा अधिक', जुनीला 'दोन किंवा अधिक', आणि छटा एकसारखी यायला हवी. म्हणजे आकडा किमान आहे; खरी अट एकसारखेपणाची.

पुढे आला डिस्टेंपर. साधा डिस्टेंपर म्हणजे खडूची पूड आणि सरस. ओला हात लागला की निघायचा, आणि नवा लावण्याआधी जुना खरवडायला लागायचा. मग धुता येणारे डिस्टेंपर आले. 1942 मध्ये गिरगावात चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली, त्यांचा 'ट्रॅक्टर' डिस्टेंपर घरोघरी पोचला. 1957 मध्ये कंपनीचा मोठा कारखाना आला आपल्या भांडुपला!

नंतर इमल्शन. त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश खडूपेक्षा कितीतरी जास्त वळवतो. खडूचा अपवर्तनांक साधारण 1.6, रंगातल्या चिकट द्रव्याचा 1.5, म्हणून त्यात खडू फिका पडतो. टायटॅनियमचा 2.5 च्या वर, म्हणून खालचं झाकलं जातं. नव्या भिंतीला प्रायमर आणि वर दोन हात सहसा पुरतात. जुन्या चांगल्या भिंतीवर तोच रंग असेल तर कधी एकातही भागतं. गडदावर फिका चढवायचा असेल तर मात्र तिसऱ्याची तयारी ठेवा.

आता पैशाची गोष्ट. काम ठरतं चौरस फुटावर. भाव फार पाडला की रंगात पाणी वाढतं, आणि 'तीन हात' दिसायला तीन, पण भिंतीवर रंग दीड हाताचाच. म्हणून हातांसोबत लिटरही ठरवा. डबा समोर उघडा, पाण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. पहिला हात पूर्ण वाळू द्या, मग दिवसाउजेडी तिरक्या नजरेनं भिंत बघा. ठिगळं दिसली तर अजून एक हात, आणि त्याचे पैसे द्यायचे. घासाघीस मजुरीवर नको, मंडळी.

भेटू पुढच्या भागात!