सिकलसेलचं दुखणं: कुणाची वेदना खरी मानली गेली?

दुखणं किती आहे हे कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. रुग्णाने सांगायचं आणि डॉक्टरांनी विश्वास ठेवायचा. म्हणूनच सांगणारा कोण आहे, यावर उपचार ठरत आले. सिकलसेल आजाराचा इतिहास याचं चांगलं उदाहरण आहे.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडं, छाती, पोटात असह्य कळा येतात. अमेरिकेत हा ‘काळ्यांचा आजार’ ठरला आणि वेदनाशामक मागणाऱ्या रुग्णाकडे व्यसनी म्हणून पाहिलं गेलं. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या सुमारे निम्म्या गोऱ्या तरुणांना ‘काळ्यांची कातडी जाड असते’ यांसारखी एखादी तरी खोटी गोष्ट खरी वाटत होती!

खरं तर या आजाराचा रंगाशी संबंध नाही. हा जीन एकाच पालकाकडून आला तर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून तो मलेरियाच्या प्रदेशांत टिकला. १९५२ साली तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये दिली. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया आणि विदर्भातील महार समाजात तो जास्त आढळतो. म्हणजे इथेही तो अशांच्याच वाट्याला आला, ज्यांचं म्हणणं फारसं कुणी ऐकत नव्हतं.

अकलूज परिसरात गळीत हंगामात दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. पहाटेची थंडी, अतिश्रम आणि कमी पाणी पिणं, या तिन्ही गोष्टींनी सिकलसेलच्या कळा सुरू होऊ शकतात. अशा वेळी ‘अंगचोर आहे’ म्हणणं सोपं असतं.

वारंवार हाडं दुखणं, डोळे पिवळे होणं, रक्त कमी असणं, किंवा घरात कुणाला हा आजार असणं, यापैकी काही असेल तर सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात, मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं. ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. तपासण्या वाढतील, ते चांगलंच आहे. पण पहिला उपचार तोच, जो शंभर वर्षांपूर्वीही फुकट होता: समोरच्याचं दुखणं खरं मानणं.